तारेतून शोभेच्या वस्तू : पहिल्या पानापासून भिंतीवरच्या शब्दापर्यंत

तारकामाला सुरुवात करणाऱ्या बहुतेकांची पहिली वस्तू बिघडते, ती हात कच्चा असतो म्हणून नव्हे, तर एकच तार पुन्हापुन्हा वाकवून सरळ केली जाते म्हणून. कागदावर चुकलेली रेघ खोडता येते. तारेची रेघही खोडता येईल असे वाटते, पण तार प्रत्येक वळण लक्षात ठेवते. धातूची तार ज्या जागी वाकते, त्या जागी ती आधीपेक्षा कडक होते. ती सरळ करू लागलो की कडक झालेला भाग हटून बसतो आणि त्याच्या शेजारचा मऊ भाग वाकतो. मग एका वळणाची दोन लहान वळणे होतात, त्यांना दाबायला गेलो की तिसरे निर्माण होते, आणि शेवटी तार त्याच ठिकाणी तुटते. माझ्या पहिल्या पानाची मधली शीर मी चार वेळा ‘जरा नीट’ केली आणि पाचव्या वेळी ती हातात आली. त्यानंतर मी स्वतःला एक शिस्त लावून घेतली: रेघ आधी कागदावर ठरवायची आणि तार शक्यतो एकदाच वाकवायची. पुढे जे काही सांगितले आहे, ते या एका शिस्तीभोवतीच फिरते.

तार निवडताना

दुकानात तार मागताना जाडी मिलिमीटरमध्ये मागावी. गेजच्या, म्हणजे तारेची जाडी सांगणाऱ्या क्रमांकाच्या, आकड्यांनी नवखा माणूस हमखास फसतो. एक तर गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक, हे उलटे गणित आहे. शिवाय गेजच्या पद्धतीही एकाहून अधिक आहेत. अमेरिकन पद्धतीतील 18 गेजची तार सुमारे 1.02 मिलिमीटर जाड असते, तर ब्रिटिश पद्धतीतील 18 गेजची तार सुमारे 1.22 मिलिमीटर. भेंडोळ्यावर फक्त ‘18’ लिहिलेले असेल, तर ती नेमकी कोणती हे मोजूनच कळते. जाडी मोजण्याचे साधन जवळ नसेल, तर पेन्सिलीवर तारेचे 20 वेढे एकमेकांना चिकटवून घालावेत, त्या पट्ट्याची रुंदी पट्टीने मोजावी आणि तिला 20 ने भागावे. उत्तर कामापुरते बरोबर येते.

पहिल्या महिन्यासाठी मऊ ॲल्युमिनियमची तार घ्यावी. ती हाताने वाकते, गंजत नाही आणि वजनाला हलकी असल्यामुळे थोड्या वजनात पुष्कळ लांबी मिळते. 1 मिलिमीटर जाडीची 100 ग्रॅम ॲल्युमिनियमची तार सुमारे 47 मीटर भरते, तर तेवढ्याच जाडीची आणि वजनाची तांब्याची तार जेमतेम 14 मीटर. तांब्याचा रंग देखणा असतो आणि त्याची वळणेही अधिक रेखीव उतरतात, परंतु चुकांवर खर्च करण्यासाठी ते महाग साहित्य आहे. पितळेची तार बहुधा कडक आणि उसळी मारणारी असते, म्हणून ती नंतरसाठी ठेवावी. बांधकामात सळ्या बांधण्यासाठी वापरतात ती काळी लोखंडी तार मऊ आणि स्वस्त असून तिचा काळा रंग पांढऱ्या भिंतीवर शाईच्या रेघेसारखा दिसतो. मात्र ती गंजते आणि दमट भिंतीवर तांबूस ओघळ सोडते. जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी तार, म्हणजेच जीआय तार, गंजाला बराच काळ दाद देत नाही, पण वाकवायला ताकद लागते. विजेच्या मोटरच्या गुंडाळ्यांमध्ये असते ती इनॅमलचा लेप चढवलेली तांब्याची तार बारीक बांधणीसाठी उत्तम असते, कारण त्या पातळ थरामुळे तांबे काळवंडत नाही.

एका वस्तूसाठी साधारणपणे तीन जाडीच्या तारा लागतात. सांगाड्यासाठी 2 मिलिमीटर, आतल्या रेषांसाठी 1 ते 1.5 मिलिमीटर आणि बांधणीसाठी 0.4 ते 0.5 मिलिमीटर. यामागे एक साधा हिशेब आहे. एकाच धातूच्या दोन तारांपैकी एकीची जाडी दुप्पट असेल, तर तिचा ताठपणा दुप्पट नव्हे, सोळापट होतो. म्हणूनच 2 मिलिमीटरच्या सांगाड्यावर 0.5 मिलिमीटरची तार कितीही ओढून बांधली तरी सांगाडा हलत नाही, आणि दोन्ही तारा सारख्याच जाडीच्या घेतल्या, तर बांधताना सांगाडाच वाकतो. नवख्यांच्या वस्तू वेड्यावाकड्या होण्याचे हे दुसरे मोठे कारण आहे.

हत्यारे

चार हत्यारांवर काम भागते: तार कापण्याची पक्कड, चपट्या टोकाची पक्कड, गोल निमुळत्या टोकाची पक्कड आणि बारीक कानस. घरातली नेहमीची पक्कड चालत नाही असे नाही, पण तिच्या जबड्यांवरचे दाते मऊ तारेवर ओरखडे उठवतात. जबड्यांवर कापडी चिकटपट्टीचा एकेक वेढा दिला की तो प्रश्न सुटतो. गोल टोकाच्या पकडीवर मार्कर पेनने दोन-तीन खुणा करून ठेवाव्यात, म्हणजे प्रत्येक कडी त्याच खुणेवर वळवता येते आणि सगळ्या कड्या एकाच मापाच्या होतात. याशिवाय वेगवेगळ्या जाडीच्या पेन्सिली, बाटल्या, पाइपाचे तुकडे असे गोल साचे हाताशी ठेवावेत.

डोळ्यांसाठी चष्मा मात्र घालावाच. तार कापताना सुटा तुकडा गोळीसारखा उडतो आणि कोणत्या दिशेला जाईल याचा नेम नसतो. कापताना तारेची दोन्ही टोके बोटांनी धरावीत किंवा पकडीचे तोंड जमिनीकडे करावे. कडक तारेचे भेंडोळे सोडताना आधी मोकळे टोक आकड्यासारखे वळवून घ्यावे, कारण भेंडोळे सुटले की टोक झेपावते. काम संपल्यावर टेबलावरून चुंबक फिरवला तर लोखंडी तुकडे गोळा होतात, पण ॲल्युमिनियम आणि तांबे त्याला चिकटत नाही. ते ओल्या कापडाने टिपून घ्यावे. अनवाणी पायात घुसलेला अर्ध्या सेंटिमीटरचा तुकडा शोधून काढणे हे फार चिकाटीचे काम आहे.

हात बसवण्यासाठी

भेंडोळ्यातून निघालेली तार कधीच सरळ नसते. ती तशीच वापरली, तर भेंडोळ्याचा बाक वस्तूत उतरतो. मऊ तारेचे एक टोक दाराच्या कडीला किंवा खिडकीच्या गजाला पक्के अडकवावे, दुसरे टोक पकडीत धरून सावकाश, पण जोर लावून ओढावे. तार किंचित लांबल्याची जाणीव हाताला होते, तिथे थांबावे. बारीक तार असेल तर सुती कापडाच्या घडीत धरून दोन-तीन वेळा सरकवली तरी पुरते. ओढून सरळ केलेली तार थोडी कडकही होते, आणि सांगाड्यासाठी ते उपयोगीच पडते.

त्यानंतर 1.5 मिलिमीटरच्या ॲल्युमिनियमचे अर्ध्या मीटरचे चार तुकडे घेऊन चार आकार करावेत: वर्तुळ, चक्राकार वेटोळे, काटकोनांची नागमोडी आणि मऊ लाटा. वर्तुळ करताना एक गोष्ट लगेच लक्षात येईल. 5 सेंटिमीटर व्यासाच्या बाटलीवर वळवलेली तार सोडली की थोडी उलगडते आणि वर्तुळ बाटलीहून मोठे होते. मऊ तारेत हे उलगडणे कमी, कडक तारेत जास्त. त्यामुळे साचा हव्या त्या मापापेक्षा थोडा लहान घ्यावा. किती लहान, ते त्याच तारेच्या तुकड्यावर एकदा करून पाहिल्याशिवाय सांगता येत नाही.

वेटोळ्याची सुरुवात गोल टोकाच्या पकडीने अगदी लहान कडी करून होते. नंतर ती कडी चपट्या पकडीत आडवी धरायची आणि तार अंगठ्याने तिच्याभोवती दाबत न्यायची, एका वेळी फार तर पाव वेढा. इथे एक मुद्दा कायम लक्षात ठेवण्याजोगा आहे: पक्कड धरण्यासाठी असते, वाकवण्याचे काम बोटांचे. पकडीने वाकवलेल्या तारेत कोपरे दिसतात, बोटांनी वाकवलेली तार वाहती दिसते. काटकोन हवा असेल तर मात्र चपट्या पकडीची कड वळणाच्या जागी ठेवून तार अंगठ्याने तिच्यावर एका दमात दुमडावी.

सारखाच आकार पुष्कळदा लागणार असेल, तर खिळ्यांची फळी करावी. जाड लाकडी फळीवर आकाराचा कागद चिकटवायचा, प्रत्येक वळणाच्या आतल्या बाजूला खिळा ठोकायचा, खिळ्यांची डोकी छाटून कानस मारायची आणि त्यांच्याभोवती तार फिरवायची. तयार आकार वर उचलून काढता येतो. एक पान करायचे असेल तर एवढा खटाटोप नको, दहा पानांची वेल करायची असेल तर तो करावाच.

पहिली वस्तू : भिंतीवरचे पान

पानाची निवड मी मुद्दाम करतो. त्यात सांगाडा, आतली रेघ आणि बांधणी ही तिन्ही कामे येतात आणि थोडे वाकडे झाले तरी ते पानच दिसते.

कागदावर 20 सेंटिमीटर लांब आणि मधोमध 9 सेंटिमीटर रुंद असे पान पूर्ण मापात काढावे. मध्यशीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना जाणाऱ्या उपशिरांच्या चार जोड्या काढाव्यात. आता कडेच्या रेघेवर दोरा ठेवत जावे, दोऱ्याची लांबी मोजावी, देठासाठी दोन्ही बाजूंना 6-6 सेंटिमीटर मिळवावे आणि एकूण मापात आणखी दहावा हिस्सा वाढवावा. या मापाच्या पानासाठी 2 मिलिमीटरची तार साधारण 62 सेंटिमीटर लागते. उरलेली तार कापता येते, कमी पडलेली जोडता येत नाही. जोडली तर तो जोड कायम डोळ्यांत खुपतो.

तारेच्या बरोबर मध्यावर खूण करावी. ही खूण म्हणजे पानाचे टोक. तिथे चपट्या पकडीने एकदाच टोकदार वळण द्यावे आणि ते कागदावरच्या टोकावर ठेवावे. पुढे दोन्ही बाजू बोटांनी हळूहळू कागदावरच्या रेघेवर बसवत देठाकडे यावे. दर दोन-तीन सेंटिमीटरला तार कागदावर टेकवून पाहावी आणि चूक लहान असतानाच थांबावे. एक बाजू पूर्ण करून मग दुसरीकडे वळण्यापेक्षा दोन्ही बाजू बरोबरीने पुढे नेल्या, तर पान एकांगी होत नाही. देठापाशी दोन्ही तारा भेटल्या की त्या चपट्या पकडीत एकत्र धरून तीनदा पिळाव्यात, पण पुरता पीळ इतक्यात देऊ नये.

मध्यशिरेसाठी 1.5 मिलिमीटरची 30 सेंटिमीटर तार घ्यावी. तिचे एक टोक पानाच्या टोकाच्या आतल्या कोनात दोन वेढे देऊन पक्के करावे आणि तार सरळ देठापर्यंत आणावी. अगदी ताठ रेघ निर्जीव दिसते, म्हणून तिला किंचित बाक द्यावा. ती देठाच्या दोन तारांमध्ये ठेवून आता तिघींना एकत्र पीळ द्यावा, म्हणजे देठ तयार होतो.

उपशिरांसाठी 1 मिलिमीटरचे 18-18 सेंटिमीटरचे चार तुकडे कापावेत. प्रत्येक तुकड्याचा मध्य मध्यशिरेवर एक वेढा घालून बसवावा आणि त्याचे दोन्ही हात तिरपे, पानाच्या टोकाच्या दिशेने कडेपर्यंत न्यावेत. कडेवर दोन घट्ट वेढे देऊन उरलेली तार कापावी. अशा रीतीने एका तुकड्यातून शिरांची एक जोडी होते आणि सुटी टोके निम्म्यावर येतात. वेढे नेहमी एकाच दिशेने आणि पानाच्या मागच्या बाजूला संपतील असे घालावेत. कापलेले टोक चपट्या पकडीने दाबून तारेला चिकटवावे आणि त्यावरून बोट फिरवून पाहावे. बोटाला टोचत असेल तर कानस फिरवावी. तार ओढताना उपशीर इतकी ताणू नये की कड आत ओढली जाईल. तसे झाले तर जाड तार सरळ करण्याच्या भानगडीत न पडता ती उपशीर कापून दुसरी घालावी. बारीक तारेचा एक तुकडा गमावणे केव्हाही स्वस्त पडते.

पान टांगण्याची कडी कुठे असावी, हे अंदाजाने ठरवू नये. दोऱ्याच्या फासात पान अडकवून निरनिराळ्या जागी उचलून पाहावे. ज्या जागी धरल्यावर ते हव्या त्या कोनात स्थिर राहते, तिथे बारीक तारेची कडी बांधावी.

भिंतीवरचा शब्द

तारेने लिहिलेल्या शब्दांचे नमुने पाहावेत तर ते बहुतेक रोमन लिपीतले असतात, कारण त्या लिपीतील एकमेकांना जोडून लिहिलेली अक्षरे एका सलग तारेत लिहिता येतात. देवनागरी एका तारेत लिहिता येत नाही, म्हणून ती तारकामाला गैरसोयीची, असा समज आहे. माझे मत नेमके उलट आहे. आपल्या लिपीला शिरोरेघ आहे. तारकामात शिरोरेघ म्हणजे आयती तुळई. अक्षरे तिला लोंबकळत राहतात, शब्द टांगण्यासाठी वेगळी सोय लागत नाही आणि जाड तारेची एक सरळ पट्टी सगळा भार पेलते.

पहिला शब्द म्हणून ‘मन’ घ्यावा. कागदावर अक्षरे 8 सेंटिमीटर उंचीची आणि एकाच जाडीच्या रेघेने काढावीत. छापील अक्षरातला जाड-बारीक फरक तारेत येत नाही, त्यामुळे पाटीवर मुलाने काढलेले अक्षर हाच तारेसाठी उत्तम कित्ता. शिरोरेघेसाठी 2 मिलिमीटरची आणि अक्षरांसाठी 1.5 मिलिमीटरची तार घ्यावी.

‘म’ची तार शिरोरेघेवर डावीकडे तीन वेढे घालून सुरू करावी, खाली आणावी, गोल टोकाच्या पकडीवर गाठ वळवावी, तिथून उजवीकडे दंडापर्यंत आडवी न्यावी, दंडाच्या तळापर्यंत खाली आणावी, तिथे चपट्या पकडीने पूर्ण दुमडून आपल्याच अंगाला चिकटवत वर न्यावी आणि शिरोरेघेवर तीन वेढे देऊन संपवावी. दंडाचा खालचा भाग दुहेरी होतो, पण जरा लांबून पाहिले तर तो जाडसर दंड म्हणून खपून जातो. ‘न’ची सुरुवात गाठीच्या मोकळ्या टोकापासून होते आणि पुढचा रस्ता तोच. मात्र ‘न’ शिरोरेघेला एकाच ठिकाणी धरलेला असतो, म्हणून तो दारासारखा मागेपुढे फिरतो. त्याच्या वेढ्यांवर 0.5 मिलिमीटरच्या तारेची आडवी-उभी फुली घालून घट्ट बांधावे, आणि तरीही हलला तर मागच्या बाजूला दोन घटकांच्या इपॉक्सी गोंदाचा एक थेंब ठेवावा.

शब्द निवडताना ‘ध’, ‘भ’ आणि ‘थ’ या अक्षरांपासून सावध राहावे. या तिघांच्या डोक्यावर डावीकडे शिरोरेघ तुटलेली असते. तारेची सलग तुळई त्यांच्यावरून गेली, की ‘ध’चा ‘घ’ होतो आणि ‘भ’चा ‘म’. भिंतीवर कौतुकाने टांगलेल्या ‘भान’ या शब्दाला पाहुणे ‘मान’ म्हणून वाचू लागतात. ही अक्षरे शब्दाच्या सुरुवातीला असतील तर तुळई त्यांच्या उजव्या भागापासून सुरू करावी. मध्ये असतील तर नवख्याने शब्द बदलणे बरे. अनुस्वारासाठी बारीक तारेवर एक मणी ओवावा आणि ती तार तुळईवर उभी बांधावी. वेलांटी वेगळ्या तुकड्यातून करावी, तिचा पाय अक्षराच्या दंडाशी एकत्र बांधला की ती डुलत नाही. मराठी वळणाचा ‘श’ आणि ‘ण’ दोन-दोन तुकड्यांत करावेत. त्यांच्यात एकसंध रेघेचा हट्ट धरू नये.

एकाच तारेत चेहरा किंवा प्राणी रेखाटण्याची ओढ ज्यांना वाटेल, त्यांनी अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांची 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धातील तारशिल्पे छायाचित्रांतून जरूर पाहावीत. कमीत कमी वळणांत नाक, भुवई आणि हनुवटी कशी पकडली आहे, यापेक्षा कोणत्या रेषा त्यांनी गाळल्या आहेत याकडे लक्ष दिले तर अधिक शिकता येते.

दगडावरचे झाड

झाड दिसायला अवघड आणि करायला सोपे असते, कारण त्यात निम्मे-निम्मे वाटण्याखेरीज वेगळे काही नाही. 1 मिलिमीटरच्या मऊ ॲल्युमिनियमचे 30 सेंटिमीटरचे 32 तुकडे कापावेत. एकूण तार सुमारे साडेनऊ मीटर आणि वजन अवघे 20 ग्रॅम. सर्व तुकडे जुळवून त्यांची जुडी करावी आणि एका टोकापासून 8 सेंटिमीटरवर बारीक तारेने घट्ट बांधावी. ते 8 सेंटिमीटर मुळांसाठी. त्याच्या वरचे 7 सेंटिमीटर दोन्ही हातांनी एकाच दिशेने पिळून खोड करावे. मग जुडीचे आठ-आठ तारांचे चार भाग करून प्रत्येकाला 4 सेंटिमीटर पीळ द्यावा. त्या प्रत्येकाचे चार-चारांचे दोन भाग करून 3 सेंटिमीटर. त्यांचे दोन-दोनांचे भाग करून 2 सेंटिमीटर. शेवटी 32 सुटी टोके उरतात, प्रत्येकाची लांबी 6 सेंटिमीटरच्या आसपास. त्यांच्या टोकांना लहान वेटोळी करावीत किंवा एकेक मणी ओवून टोक वळवावे.

एवढे काटेकोर केले तर झाड भूमितीच्या पुस्तकातले दिसेल, म्हणून आता थोडी मोडतोड हवी. एका फांदीला लवकर दुभंगू द्यावे, एकीला उशिरा. एखाद्या बाजूला आठऐवजी अकरा तारा द्याव्यात. फांद्या वाकवायच्या त्या सगळा पीळ देऊन झाल्यावर, आणि खोडाजवळच्या फांदीपासून टोकाकडे. उलट क्रमाने गेलो तर टोके नीट लावून झाल्यावर मूळ फांदी हलवावी लागते आणि सगळे पुन्हा करावे लागते. झाडाला एक वारा ठरवून द्यावा, म्हणजे सगळ्या फांद्यांचा कल थोडासा एका बाजूला ठेवावा. झाड त्या कलत्या बाजूला पडू नये, म्हणून मुळांचे पाच-सहा गट करून त्यांतील लांब गट विरुद्ध बाजूने दगडाला कवळून घ्यावेत. दगड खडबडीत आणि निदान तीन-चारशे ग्रॅम वजनाचा असावा. गुळगुळीत गोट्यावर मुळे घसरतात.

हेच झाड तांब्यात करायचे असेल, तर 0.8 मिलिमीटरची तार पुरते. तांबे पिळताना चटकन कडक होते. कडक झालेले उघडे तांबे पुन्हा मऊ करता येते: तुकडा सांडशीत धरून ज्योतीवर मंद लाल दिसेपर्यंत तापवावा आणि पाण्यात बुडवावा. लोखंडी पोलादाच्या अनुभवावरून वाटते तसे तांबे पाण्यात विझवल्याने कडक होत नाही. वर धरलेला काळा थर नंतर घासून जातो. हा उपाय फक्त उघड्या तांब्यासाठी आहे. जस्ताचा मुलामा असलेली तार कधीही तापवू नये, कारण जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. इनॅमलची तार जाळल्यास घातक धूर निघतो. आणि ॲल्युमिनियम लाल न होताच 660 अंश सेल्सिअसला वितळून खाली पडते.

बरणीभोवती जाळी

रूथ असावा या शिल्पकर्तीने 1947 मध्ये मेक्सिकोतील तोलुका येथे तारेच्या टोपल्या विणण्याची एक साधी फासांची पद्धत पाहिली आणि पुढे त्याच एका फासातून छतापासून लोंबणारी मोठमोठी शिल्पे घडवली. तो फास काचेच्या बरणीवर शिकता येतो. बरणीच्या गळ्याभोवती 1 मिलिमीटरच्या तारेची कडी घट्ट पिळून बसवावी. 0.5 मिलिमीटरची मीटरभर तार तिला बांधावी. तार कडीवरून मागे न्यावी, खालून पुढे आणावी आणि स्वतःच्याच फासातून बाहेर काढावी. फास सुमारे एक सेंटिमीटर लोंबता ठेवावा. असे फास गळ्याभोवती घालत पहिली फेरी पूर्ण झाली, की दुसऱ्या फेरीत तार कडीऐवजी पहिल्या फेरीच्या फासांतून ओवायची. एका वेळी मीटरभराहून लांब तार घेऊ नये, ती गुंतते आणि गुंता ओढला की मुरड पडून तिथेच तुटते. नवी तार जोडताना दोन्ही टोके एकत्र पिळून जाळीच्या आत, काचेकडे वळवावीत.

बरणीत मेणबत्ती ठेवायची असेल, तर तारेची जाळी तापते हे लक्षात ठेवावे. तांबे उष्णता फार लवकर वाहून नेते. ज्योतीच्या वर प्लास्टिकचे मणी नकोत. बॅटरीवर चालणाऱ्या लहान दिव्यांची माळ आत सोडणे अधिक निर्धोक. घरातील विजेच्या दिव्याभोवती, होल्डरला किंवा वायरला लागून उघडी धातूची तार मात्र कधीही गुंडाळू नये.

चमक, गंज आणि टांगणे

तांब्याची वस्तू काही महिन्यांत तपकिरी होते. तो रंग अनेकांना आवडतो. ज्यांना मूळ लाली टिकवायची आहे, त्यांनी वस्तू व्हिनेगर आणि मिठाच्या पाण्यात काही मिनिटे बुडवून, भरपूर स्वच्छ पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून त्यावर पारदर्शक लॅकरचा पातळ थर फवारावा. धुण्यात कुचराई केली तर राहिलेले मीठ लॅकरखाली हिरवे डाग उठवते. उलट नव्या तांब्याला जुनेपण द्यायचे असेल, तर गरम उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करून वस्तूसोबत झाकणबंद डब्यात ठेवावा, मात्र तिला लागू देऊ नये. बलकातून निघणाऱ्या गंधकयुक्त वायूने काही तासांत तांबे गडद होते. काळ्या लोखंडी तारेवर पारदर्शक वार्निशचा हात भिंतीवर लावण्याआधीच फिरवावा.

वस्तू उघड्यावर, पावसात किंवा न्हाणीघरासारख्या दमट जागी राहणार असेल, तर तांबे आणि ॲल्युमिनियम एकत्र बांधू नयेत. ओलाव्यात या दोन धातूंचा स्पर्श झाला की ॲल्युमिनियम झिजू लागते आणि बांधणीच्या जागा आधी सुटतात. कोरड्या खोलीत हे मिश्रण खुशाल करावे.

भिंतीवर टांगताना वस्तू आणि भिंत यांच्यात एक-दोन सेंटिमीटर अंतर ठेवावे. खिळ्यावर लाकडी मणी किंवा पेनाच्या नळीचा तुकडा सरकवला की ते अंतर आपोआप राहते. बाजूने दिवा असेल तर तारेची सावली भिंतीवर वस्तूपेक्षा मोठी पडते, आणि पान असो वा शब्द, रेघ दोनदा दिसते. धूळ पुसण्यासाठी कापड वापरू नये, ते वेढ्यांत अडकते. रंगकामाचा मऊ कोरडा ब्रश पुरतो. उरलेल्या तारेचे तुकडे जाडीनुसार वेगवेगळ्या नळ्यांत ठेवावेत आणि नळीवर मिलिमीटरचा आकडा लिहावा, म्हणजे पुढच्या पानाची उपशीर करताना पुन्हा पेन्सिलीवर वीस वेढे घालत बसावे लागत नाही.